पिंपावरचे नाव

दिवाळीची आवराआवर आपल्या घरांतून दरवर्षी होते, आणि दरवर्षी ती कुठल्या तरी कपाटापाशी येऊन अडते. गेल्या वर्षी आमच्याकडे ती आईच्या शालूपाशी अडली. भाचीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरले होते आणि ‘मी आजीचाच शालू नेसणार’ असा तिचा हट्ट होता. हट्ट मोठा गोड. पण शालूच्या पदरावर माझ्या भावाच्या मुंजीतला श्रीखंडाचा डाग होता. चाळीस वर्षे तो तिथे सुखाने नांदत होता. आई होती तोवर तिने त्याला कुणाला हात लावू दिला नाही. “घरी चोळाल तर जर जाईल,” एवढेच ती म्हणायची.

शालू घेऊन मी गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत गेले. तिथले काका आमच्या घरातल्या तिसऱ्या पिढीचे कपडे धुताहेत. त्यांनी पदर उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “डाग जाईल हो ताई. पण औषध नाही. बंदरात अडकलंय.”

काकांना गेले काही महिने चक्कर येत होती, हे मला ठाऊक होते. म्हणून मी काळजीने विचारले, “कसलं औषध? परदेशातून मागवावं लागतं?”

काका हसले. “माझं नाही हो. कपड्यांचं. आपलं पेट्रोल वॉशचं.”

आता मी पडले मराठीची शिक्षिका. शालू विसरून माझे मन त्या शब्दामागे धावले. आपल्याकडच्या कितीतरी लाँड्र्यांच्या पाटीवर ‘पेट्रोल वॉश’ असते. पण काकांच्या दुकानात पेट्रोलचा थेंबही नाही, आणि तेच तर बंदरात अडकले होते म्हणावे तर पेट्रोल पंपावर कधीच रांग दिसली नव्हती. म्हणजे वस्तू कधीच बदलली आणि नाव मात्र मागे राहिले. भाषेला याचे नवल नाही. तिळापासून निघते ते तेल. पण आपण शेंगदाण्याचेही तेलच म्हणतो. शाई म्हणजे मुळात काळेपणा. पण आपण खुशाल निळी शाई, लाल शाई म्हणतो. नावे ही अशी माणसांसारखीच असतात. घर बदलले तरी जुना पत्ता सांगत राहतात.

पेट्रोल वॉशची गोष्टही अशीच. पाण्याविना कपडे धुण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये रुजली. दिव्याचे तेल टेबलावरच्या कपड्यावर सांडले आणि कपडा उलट स्वच्छ झाला, अशी तिच्या जन्माची आख्यायिका सांगतात. पुढे बेंझिन, पेट्रोल अशी द्रव्ये आली. ती डाग चांगला काढीत. पण ठिणगी पडली की कपड्यांसह दुकानही साफ करीत. मग न पेटणाऱ्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. आधी कार्बन टेट्राक्लोराइड आले आणि त्याच्यामागून आले ते काकांचे ‘औषध’. त्याचे पूर्ण नाव टेट्राक्लोरोएथिलीन. व्यापारी त्याला परक्लोरोएथिलीन म्हणतात आणि धुलाईवाले नुसते पर्क. मायकेल फॅरेडेने ते १८२१ मध्ये प्रथम तयार केले. रेणूत कार्बनचे दोन अणू आणि क्लोरिनचे चार. पाण्यासारखे नितळ, पण पाण्याच्या दीडपटीहून जड. तेलातुपाचा डाग सहज विरघळवणारे. आणि पेट न घेणारे. श्रीखंडातल्या लोण्यासाठी याहून चांगला वैरी मिळणे कठीण.

हे सारे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. मला एवढेच कळले, की लग्न तीन आठवड्यांवर आले आहे आणि माझ्या आईचा शालू कुठल्याशा बंदरातल्या पेटीवर अवलंबून आहे. तेव्हा मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. न्हावा-शेवाला आयात-निर्यातीची कागदपत्रे करणाऱ्या एका पेढीत तो नोकरीला आहे. वर्गात असताना उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय यांतला फरक त्याला तीन वर्षांत समजला नव्हता. शेवटी विद्यापीठाने कृपेचे चार गुण देऊन त्याची आणि माझीही सुटका केली होती.

मी फोनवर त्याला सारी हकीकत सांगितली. तो मोठ्याने हसला. “मॅडम, तुम्ही ज्या मालाबद्दल बोलताय ना, तो बहुतेक आमच्याकडेच आलाय. तुमच्या लाँड्रीवाल्यांना पुरवणारा व्यापारी आमचाच पक्षकार आहे. आणि खरं सांगू? व्याकरणावर अडलंय सगळं!”

मला वाटले, थट्टा करतो आहे. पण रविवारी तो घरी आला, चहा घेता घेता त्याने वहीवर मला सारा प्रकार समजावून दिला, आणि मी थक्क झाले.

बंदरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा लागतो. जगातल्या यच्चयावत वस्तू, जिवंत घोड्यापासून जुन्या चित्रापर्यंत, एका मोठ्या कोष्टकात बसवलेल्या आहेत. हा करार १९८३ मध्ये ब्रुसेल्सला झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. आज जगातला बहुतेक सारा व्यापार त्याच कोष्टकाने चालतो. त्याचे पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. पुढचे ज्याने त्याने आपल्या सोयीने घालायचे. आपण दोन घालतो. आपल्याकडे हे कोष्टक १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याला जोडलेले आहे.

“एकोणतिसावं प्रकरण सेंद्रिय रसायनांचं,” विद्यार्थी सांगत होता. “त्यातला तिसरा शीर्षक-क्रमांक, म्हणजे २९०३, हायड्रोकार्बनला क्लोरिनसारखी मूलद्रव्यं जोडून झालेल्या पदार्थांचा. ती एक चाळ समजा. २९०३.१३ मध्ये क्लोरोफॉर्म राहतो. शेजारी १४ मध्ये कार्बन टेट्राक्लोराइड. पलीकडच्या जिन्याला २१ मध्ये व्हिनाइल क्लोराइड, ज्याचे पीव्हीसीचे पाइप होतात. २२ मध्ये ट्रायक्लोरोएथिलीन, यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात ते. आणि २३ मध्ये तुमच्या शालूचं औषध.”

“मग अडलं कुठे?”

“नावावर. व्यापाऱ्यानं बीजकावर रसायनाचं नाव लिहिलंच नाही. कंपनीनं ठेवलेलं बाजारी नाव आणि पुढे ‘ड्राय क्लीनिंगचं द्रव’ एवढंच लिहिलं. आता एकोणतिसाव्या प्रकरणात जागा मिळते ती एकट्या, स्वतंत्र पदार्थाला. दोनचार द्रावकं मिसळून केलेलं मिश्रण असेल, तर ते अडतिसाव्या प्रकरणात, ३८१४ मध्ये जातं. अधिकारी म्हणाला, हे नुसतं काम सांगितलंत, नाव सांगा. आणि कागदावर नाव नाही म्हटल्यावर नमुना गेला प्रयोगशाळेत.”

मी विचारले, “पण त्यात काही मिसळलेलं होतंच की नाही?”

“तीच तर गंमत! द्रव टिकावं म्हणून त्यात थोडं स्थिरक घातलेलं असतं. पण प्रकरणाच्या आरंभी टीप आहे. साठवणीसाठी किंवा वाहतुकीसाठी आवश्यक तेवढं स्थिरक असलं, तर पदार्थाची जात बदलत नाही.”

मला एकदम आपल्या घरी आल्यासारखे वाटले. पोळीला तेल लावले म्हणून तिचा पराठा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही; पण ते नियमात लिहायचे तर केवढी अक्कल लागते! त्याने पुढे वर्गीकरणाचे नियम सांगितले. ते सहाच आहेत. एखादी वस्तू दोन शीर्षकांत बसू लागली, तर सामान्य वर्णनापेक्षा विशेष वर्णन श्रेष्ठ. त्यानेही निकाल लागला नाही, तर वस्तूचा मुख्य गुण कशात आहे ते पाहायचे. आणि तरीही दोन्ही दावे तुल्यबळ राहिले, तर क्रमाने जे शेवटी येते ते शीर्षक घ्यायचे.

मी चहाचा कप खाली ठेवला. “अरे, हे तर पाणिनीचं!”

आणि खरोखरच आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या माणसाने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बसवली, तेव्हा त्यालाही हाच पेच पडला होता. दोन नियम एकाच शब्दावर हक्क सांगू लागले तर कोणाचे ऐकायचे? त्याने सांगून ठेवले आहे, की तुल्यबळांच्या झगड्यात क्रमाने नंतर येणारा नियम लागू होतो. आणि सामान्य नियमाला विशेष नियम बाजूला सारतो, हा उत्सर्ग-अपवादाचा न्याय तर व्याकरणाच्या पहिल्या पायरीवरच भेटतो. ब्रुसेल्सच्या मंडळींनी पाणिनी वाचला असेल असे मला मुळीच म्हणायचे नाही. पसारा मोठा असला आणि तो नीट लावायचा म्हटला, की शहाणी माणसे त्याच त्याच युक्तीपाशी येतात, एवढेच.

“म्हणून म्हणतो मॅडम,” विद्यार्थी म्हणाला, “तुमच्या व्याकरणानंच पोट भरतंय माझं.” कृपेच्या चार गुणांचे इतके व्याज आजवर मला कुणी दिले नव्हते.

जाता जाता मी त्याला एक जोड दिली. ज्या ‘टॅरिफ’वर तो दिवसभर बोटे फिरवतो, तो शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर तो इटलीत गेला आणि तिथून इंग्रजीत दराचा तक्ता होऊन बसला. तोच शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला आणि ‘तारीफ’ झाला. टॅरिफ आणि तारीफ या सख्ख्या बहिणी. एक बंदरावर राहते, दुसरी मुशायऱ्यात. दोघी विचारतात एकच: आपली ओळख काय?

यथावकाश प्रयोगशाळेचा अहवाल आला. पदार्थ एकच, स्थिरक थोडेसे, क्रमांक २९०३.२३. नऊ दिवस गेले होते. त्या नऊ दिवसांचे पेटीचे भाडे व्यापाऱ्याच्या माथी बसले, आणि पुढे ते ड्रमागणिक थोडे थोडे सगळ्या लाँड्रीवाल्यांच्या माथी. एका न लिहिलेल्या नावाची ही किंमत.

शालू धुऊन झाल्याचा निरोप आला, तेव्हा तो विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, मीही येतो. आठ वर्षांत हजारो ड्रम खणात बसवले. पण एकही ड्रम शेवटी कुठे जातो ते पाहिलं नाही.”

आम्ही दोघे गेलो. शालू सुरेख झाला होता. डागाच्या जागी आता ठाऊक असणाऱ्यालाच दिसेल एवढी सावली उरली होती. काकांनी कौतुकाने आम्हाला आत नेले. लांबट खोली, एकच खिडकी, तीही अर्धी कपाटाने झाकलेली. कपडे फिरवणारे यंत्र, आणि कोपऱ्यात ते पिंप. खोलीत किंचित गोडसर वास होता. मी तो बोलून दाखवला, तर काका म्हणाले, “मला नाही बुवा येत.” तीस वर्षांनी नाकानेही नाद सोडला होता.

पिंपाच्या पोटावर दिनदर्शिकेतून कापलेले लक्ष्मीचे चित्र चिकटवले होते. विद्यार्थ्याने त्याच्या उचललेल्या कोपऱ्याखाली पाहिले आणि हळूच तो आणखी वर केला. खाली मूळचे लेबल होते, सारे इंग्रजीत. एक कवटी, दोन हाडे, शेजारी मेलेला मासा, आणि १८९७ हा आकडा. तो काही सालाचा नव्हता. धोक्याच्या मालाला वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यादीत क्रमांक असतात, त्यातला या द्रव्याचा तो क्रमांक. वर्ग: विषारी.

“काका, हे झाकलंत का?”

“अहो, कवटी बघून गिऱ्हाईक बिचकतं. त्यापेक्षा लक्ष्मी बरी.”

काका हसत होते. पण बोलता बोलता ते यंत्राला टेकले. पुन्हा चक्कर. मी त्यांना स्टुलावर बसवले, पाणी दिले. डॉक्टरांनी काय सांगितले म्हणून विचारले. डॉक्टरांनी कान तपासले होते, मान तपासली होती, रक्तदाब पाहिला होता. काम काय करता, असेही विचारले होते.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं की, लाँड्री आहे. पेट्रोल वॉश करतो.”

विद्यार्थी गप्प झाला. बाहेर आल्यावर बराच वेळाने म्हणाला, “मॅडम, या एका नावासाठी आम्ही नऊ दिवस भांडलो. आणि ज्याच्या खोलीत ते पिंप आहे, त्याला ते नाव कुणी सांगितलंच नाही.”

माझ्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही. पुढचे आठ-दहा दिवस मी फावल्या वेळी या द्रव्याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत साचते. ती श्वासातून शरीरात जाते. डोके दुखते, चक्कर येते, वर्षानुवर्षांच्या संपर्काने यकृताला आणि मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसांत बहुधा कर्करोगकारक असणाऱ्या पदार्थांत गणले आहे. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम केला, की २०२३ उजाडेपर्यंत धुलाईच्या दुकानांतून ते जायला हवे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केलेल्या नियमाने साऱ्या देशातल्या ड्राय क्लीनिंगला दहा वर्षांची मुदत घातली. यंत्रातला गाळ काढताना आणि धागे साचलेली जाळी साफ करताना संपर्क सर्वांत जास्त होतो. काका ही दोन्ही कामे स्वतः करीत, तोंड आत घालून.

हे वाचल्यावर मला त्या कोष्टकाचा आधी राग आला. वस्तू कशाची बनली आहे, हे त्या सहा आकड्यांना कळते. ती माणसाला काय करते, हे मात्र ते सांगत नाहीत. पण राग फार टिकला नाही. कारण त्याच चाळीतल्या १४ क्रमांकाच्या बिऱ्हाडकरूची हकीकत वाचनात आली. कार्बन टेट्राक्लोराइड हे वातावरणातल्या ओझोनच्या थराला खाते. १९८७ च्या माँट्रियल करारात ते नव्हते. १९९० च्या लंडनच्या दुरुस्तीने ते यादीत आले. आणि मग जगभरच्या बंदरांवर ते मोजले जाऊ लागले: किती आले, किती गेले, कशासाठी. भारतानेही २०१० पासून त्याचा द्रावक म्हणून होणारा वापर थांबवला; दुसरी रसायने करण्यासाठी कच्चा माल म्हणून तेवढे ते चालते. त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा क्रमांक नसता, तर ‘धुण्याचे द्रव’ म्हणून ते कुठल्याही कागदाआडून निसटले असते. जे नेमके ओळखता येते तेच मोजता येते, आणि जे मोजता येते तेच थांबवता येते.

तेव्हा दोष नावाचा नव्हता. नाव बंदरापर्यंत नीट आले आणि तिथून गल्लीपर्यंत येता येता गळून पडले. व्यापाऱ्याने ते लिहिले नाही, काकांनी ते झाकले, आणि ‘पेट्रोल वॉश’ या शब्दाचे कौतुक करत बसलेल्या माझ्यासारख्या भाषापंडितेने त्याची चौकशी केली नाही. शब्द मागे राहतो यात मला केवढी मौज वाटली होती! त्या मागे राहिलेल्या शब्दापायी डॉक्टरांना चुकीची वाट दाखवली गेली, हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते.

मग मी मला येते ते काम केले. एका जाड पुठ्ठ्यावर ठळक मराठीत लिहिले: ‘टेट्राक्लोरोएथिलीन (पर्क). हे पेट्रोल नाही. वाफ हुंगू नये. काम करताना खिडकी उघडी ठेवावी. झाकण घट्ट लावावे. गाळ काढताना हातमोजे घालावे, तोंड आत घालू नये.’ खाली ते दोन्ही क्रमांक लिहिले. तसाच एक लहान कागद काकांच्या खिशासाठी केला.

काकांनी तो दोनदा वाचला. “टे-ट्रा-क्लो-रो... ताई, हे तर रावणाच्या भावाचं नाव वाटतंय!”

“नुसतं पर्क म्हणा. पण डॉक्टरांना कागद दाखवा.”

त्यांनी दाखवला. डॉक्टरांनी तो वाचून त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवले आणि निराळेच प्रश्न विचारले. किती तास, खोली केवढी, वारा येतो का. रक्ताच्या आणखी काही तपासण्या लिहून दिल्या. चक्कर त्यामुळेच होती की आणखी कशामुळे, हा निवाडा माझा नव्हे. पण प्रश्न योग्य विचारला गेला, आणि तो नाव कळल्यामुळे विचारला गेला. आता खिडकीपुढचे कपाट हलले आहे, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला आहे, आणि गाळ काढण्याचे काम मुलगा करतो, हातमोजे घालून.

आमच्या घरीही एक नियम झाला. ड्राय क्लीन होऊन आलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात जात नाही. पिशवी काढून तो आधी सज्जात वाऱ्यावर राहतो. शालू दोन दिवस तसा वाऱ्यावर होता. तिसऱ्या दिवशी मी तो नाकाशी धरला, तेव्हा औषधाचा वास गेला होता आणि आईच्या कपाटातल्या वाळ्याचा जुना, पुसट वास पुन्हा आला होता. भाची तो नेसून बोहल्यावर चढली.

लग्नाचे पेढे द्यायला मी लाँड्रीत गेले. लक्ष्मीचे चित्र आता भिंतीवर, गल्ल्याच्या वर, चौकटीत आहे. पिंपावर माझ्या अक्षरातला पुठ्ठा आहे. एक गिऱ्हाईक तो वाचून जरा बिचकले. काका त्याला म्हणाले, “घाबरू नका. नाव आहे ते त्याचं. माहीत असलेलं बरं.”